तुटक्या गाण्यातली बोट

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की सासरचे अजून हसतात: जुनी इंग्रजी कथागीतं, त्यातही बुडालेल्या बोटींची. एकच गाणं दहा गावांत दहा तऱ्हांनी गायलं जातं. त्या तऱ्हा जमवायच्या, ताडून बघायच्या आणि प्रत्येकीला एक अक्षर द्यायचं. नियम एकच, लोकांनी गायलं तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही.

त्या दिवशी 'ह' तऱ्हा हातात होती. बोट वादळात सापडते आणि गाणं तिथंच तुटतं. गाणाऱ्या बाईला पुढचं आठवलंच नव्हतं. ठेका बघायला मी ते मोठ्यानं म्हटलं आणि चहा टाकायला उठले. चहा उकळताना आई आठवली. रत्नागिरीकडे आमच्या घरातले सगळे पुरुष बोटीवर. आई बजावायची, "बोटीचा गाना मधीच टाकूचा न्हाय गो. किनाऱ्याला लावायची, मगच उठायचा."

आणि हे त्या वेळी बोटीतच होते. समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवरची महिन्याची ड्युटी संपवून परत येत होते. सकाळी 'निघालो' असा मेसेज आला होता. वाट दोन तासांची, आता चार तास होऊन गेले होते. बाहेर शमाल, हा इथला आखाती धुळीचा वारा, सुटलेला, आमचा अल दुहैलचा अख्खा रस्ता धुळीत गेलेला. फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"शिकलेली ना तू? लाज नाही वाटत?" स्वतःलाच झापलं. उपयोग शून्य. मन चिंती ते वैरी न चिंती. खरं सांगते, मी भ्याले. शेवटी पेन उचललं आणि त्या परक्या बाईच्या गाण्याखाली, तिच्याच ठेक्यात, चार ओळी लिहिल्या: वारा पडतो, बोट धक्क्याला लागते, माणूस उतरतो. मोठ्यानं म्हटल्या, तीनदा.

संध्याकाळी फोन वाजला. "अगो, वाऱ्यानं बोट अर्ध्यातून प्लॅटफॉर्मकडे माघारी फिरवली, नेट नव्हतं. वारा पडल्यावर पुन्हा निघालो. आता लागलो बघ धक्क्याला. यल्ला, चल, जेवण गरम कर." मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग मी रडले.

गाईडनी मसुदा वाचून विचारलं, "हे शेवटचं कडवं कुठून आलं?"

"माझं आहे, सर. चुकले. काढून टाकते."

"काढाच. प्रबंध नाकारतील."

सहा महिने झाले. फाइल उघडून बसलेय, कडवं अजून तिथंच आहे. आज सकाळी पुन्हा 'निघालो' आलाय. 'पोचलो' येऊ दे, मग काढते.