अहोबाईंनी उघडलेला डबा

आमच्या अहोबाई रागावल्या की समोरच्याला मान द्यायच्या. एरवी सगळा वर्ग त्यांना ‘अरे पोरा’ नि ‘ए लेकरा’; पण एकदा का “अहो साहेब, उठा, फळ्यापाशी या” असं ऐकू आलं, की त्या साहेबाच्या तळपायाला घाम फुटायचा. हा मान वस्तूंनाही मिळे. “अहो स्क्रूराव, निघता का आता?” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सेनगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. माहेर साखऱ्याचं. खरं नाव हजेरीपटावर राहिलं, लोकांच्या तोंडी बसलं ते अहोबाई.

झाकण दिसलं की बाईंचं डोकं तापायचं. पिशवीत डबा नसला तरी चालेल, पेचकस हवाच. शाळेची घंटा, पंखा, हेडसरांचं भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यांनी आमच्यासमोर उघडून दाखवलं होतं. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला, तर बाई नव्या साडीत फतकल मारून बसल्या, झाकण काढलं आणि मंडपभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अहो नवरदेव, असलं वायरिंग करून संसार करून राहिले का तुमी?” माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे, हे त्यांच्या दृष्टीने अधिकच लाजिरवाणं होतं. तेव्हापासून त्या मला भोंग्या म्हणायच्या.

मी नववीत असताना शाळेत एक कॉम्प्युटर आला होता. कीबोर्डच्या पोटातच त्याचा मेंदू, पडदा म्हणून टीव्ही आणि प्रोग्रॅम कॅसेटवर. सोबत पत्र्याचा एक करडा डबा. त्याच्या भोकात सेन्सरची सळई खोचायची, सळई पाण्यात बुडवायची, की पाणी किती गरम ते आकड्यात टीव्हीवर दिसणार. असं आम्ही ऐकलं. पाहिलं कुणी? तेव्हाच्या हेडसरांनी सगळं काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. दसऱ्याला तेवढं बाहेर निघायचं, हळद-कुंकू लागायचं, झेंडू पडायचा, फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडायचं आणि पुन्हा कुलूप. हेडसर बदलत गेले, रीत तीच. बाई दर दसऱ्याला भांडायच्या. “अहो, पूजा काहून करून राहिले त्याची? वापरा की!” आणि दर दसऱ्याला हरायच्या.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि आताच्या हेडसरांनी ते सगळं भंगारात काढायचं ठरवलं. बाई तडक शाळेत. हेडसर बिचारे सभ्य. म्हणाले, “बाई, दिवाळीनंतर खोली रिकामी करायचीये. त्याआधी हा डबा काही मोजून दाखवतो असं दिसलं, तर नव्या प्रयोगशाळेत ठेवतो. नाही तर भंगार.”

“भोंग्या, टेम्पो आण,” बाई म्हणाल्या. बस्स.

दोन कपॅसिटर बदलल्यावर कॉम्प्युटर जागा झाला. डबा मात्र हटून बसला. सळई माठातल्या पाण्यात घातली, पडद्यावर २५५. हे अंश नव्हेत; शून्य ते २५५ ही त्या डब्याची स्वतःची मोजपट्टी. उकळत्या चहात घातली, २५५. “अहो, चहा नि पाणी एकच का तुमाला?” बाईंनी विचारलं आणि पेचकस काढला.

आत चिपा होत्या. प्रत्येक चिपेच्या पाठीवर नंबर असतो, त्यावरून ती काय काम करते ते कळतं. इथे प्रत्येकीची पाठ कानशीने घासून गुळगुळीत केलेली! बनवणाऱ्याने मुद्दाम नंबर खरवडले होते, दुसऱ्या कुणाला डबा कळू नये म्हणून. तो कारखाना कधीच बुडाला. त्याचं गुपित तेवढं मागे राहिलं.

मी ‘अहो’ची वाट पाहत होतो. आला नाही. बाईंनी एका चिपेच्या घासलेल्या पाठीवरून बोट फिरवलं.

“आमच्या आबांना शाळेत घेतलं, भोंग्या. पण बसवलं दाराबाहेर. मास्तर ऐकू यायचा, फळा दिसायचा न्हाई. पाढे पाठ झाले, पण सात कसा काढतात ते कळंना. हा कानस चालवणारा त्याच मास्तराचा भाऊ हाय.” आणि मग एकदम ओरडल्या, “ऐका म्हणतो, बघू नका म्हणतो! याच्या बापाचा हाय का फळा?”

त्या दिवसापासून काम म्हणजे युद्ध झालं. बाई मीटरच्या सुया टेकवायच्या; चिपांचे दोन पाय आतून जोडलेले असले की मीटर कुईं करायचा, आणि मी त्या जोडणीची रेघ त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर खडूने ओढायचो. कागद नको, भिंतच हवी, रस्त्यावरून दिसणारी. सेनगावची अर्धी जनता विचारून गेली, “बाई, भिंतीवर रांगोळी?”

“चोरी पकडून राहिले. या, तुमीबी बघा.”

कोणत्या पायात करंट येतो, कोणत्या पायातून जातो, यावरून चिपेचा अंदाज बांधायचा. तशी चिप नांदेडहून आणायची, जुनीच्या शेजारी ठेवायची आणि दोघींना सारखाच करंट देऊन एकच प्रश्न विचारायचा. दोघींनी सारखं उत्तर दिलं की अंदाज बराबर. अशा सगळ्या ओळखल्या. कोपऱ्यातली एक तेवढी वठणीवर येईना. आणि डबा? २५५!

“अहो महाराणी, तुमीच अडवून बसल्या ना?” बाई त्या कोपऱ्यातलीवर कडाडल्या. तिच्याजवळची घाण नखाने खरवडली, तर नखाला लाल लागलं. बाईंनी बोट उजेडात धरलं.

कुंकू.

भोकातून वर्षानुवर्षं कुंकू आणि नारळाचं पाणी आत झिरपलं होतं, आणि त्याने सळईपासून चिपांकडे जाणारी तांब्याची एक रेघ खाऊन टाकली होती. सळईचं म्हणणं आत पोचतच नव्हतं. चिपा ठणठणीत होत्या.

मी हसायला लागलो. बाई हसल्या नाहीत. “बाहेरच्यानं नंबर खरवडले, घरच्यांनी पूजा करून मारलं. दोघांचं म्हणणं एकच, हात लावू नका.” त्यांचा आवाज थंड होता. मी तुटलेल्या रेघेवर बारीक तार डाग देऊन जोडली. चहात १८१. माठात ७४. बाईंनी तो चहा तसाच पिऊन टाकला.

हेडसरांनी शब्द पाळला. नव्या प्रयोगशाळेत जागा दिली. काचेच्या कपाटात! कुलूप चकचकीत, हेडसरांच्या हातात नारळ.

“अहो हेडसर, तो नारळ खाली ठेवा.” सगळा स्टाफ पाहत असताना बाईंनी पिशवीतून पेचकस काढला, कपाटाची दारं बिजागऱ्यांपासून सोडवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. “आता करा पूजा. हात लावून करा.”

हेडसरांनी नारळ ठेवला आणि सळई मुठीत धरली. आकडा हळूहळू चढायला लागला. “माझाच हात का हा?” त्यांनी विचारलं, अगदी नववीतल्या पोरासारखं. बाई म्हणाल्या, “व्हय रे लेकरा.”

या उन्हाळ्यात बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली, लाउडस्पीकर माझा. एक वक्ते म्हणाले की बाई अत्यंत शांत आणि मृदू स्वभावाच्या होत्या. माझं डोकं असं फिरलं की मी आवाजाचं बटण पार खाली केलं. वक्ते हात हलवत राहिले. मी उठून प्रयोगशाळेत गेलो.

डब्याच्या झाकणाला एकही स्क्रू नव्हता. बाईंनी फेकून दिले असणार. झाकण बोटाने उचललं. प्रत्येक चिपेच्या घासलेल्या पाठीवर पांढऱ्या रंगाने, बाईंच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात, नंबर लिहिलेला होता. कोपऱ्यातली तेवढी कोरी. तिच्याशेजारी चिकटवलेल्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरं होती: ‘ही कळली नाही. शोधा.’

मी झाकण बंद केलं नाही.