बियरमध्ये बसून कोरडे परतलेले डॉक्टर

परदेशात राहणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी भरमसाट साठतात: प्लॅस्टिकचे रिकामे डबे आणि किस्से. डबे सुट्टीला जाताना कुणाच्या तरी गळ्यात मारता येतात. किस्से मात्र घरातच राहतात, कारण ते ज्यांचे आहेत ती माणसं रोज कँटीनमध्ये आपल्यासमोर बसून चहा पीत असतात. मी कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. आमच्या मराठी टेबलावर जे किस्से फिरतात त्यातले निम्मे भुलीचे डॉक्टर पेंडसे यांच्याबद्दलचे असतात. उरलेले निम्मे त्यांनी स्वतः सांगितलेले असतात, म्हणून ते मी धरत नाही.

पेंडसे पुण्याचे. पेशंटला झोपवण्यात एकदम वाकबगार. हसीनाताई म्हणतात, त्यांना औषध लागतच नाही, नुसतं बोलू दिलं तरी पुरतं. या हसीनाताई लेबर वॉर्डच्या हेड नर्स, दापोलीकडच्या. इतकी वर्षं अरबी बायकांची बाळंतपणं केल्यामुळे त्यांचं अरबी फाडफाड चालतं. आणि तिसऱ्या मृणालवहिनी, म्हणजे मिसेस पेंडसे. बस, एवढीच माणसं लक्षात ठेवा.

*

कुवेतमध्ये दारूबंदी आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. पेंडशांना ते रोज नव्याने कळतं.

बनेद अल-गारला त्यांचा फ्लॅट आहे. सी-फेसिंग आहे असं ते सांगतात, आणि बाथरूमच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर खरोखर समुद्र दिसतो. शुक्रवारी दुपारी तिथे बैठक जमते. सुपरमार्केटमध्ये बिनदारूची बियर मिळते, लिंबाच्या नाहीतर स्ट्रॉबेरीच्या चवीची. पेंडसे ती फ्रीझरमध्ये गार केलेल्या ग्लासात ओततात. बाजूला खारे दाणे, कांदा, काकडी, सगळा जामानिमा. एकदा तिसऱ्या ग्लासाला त्यांचा आवाज जड झाला. कॉलेजातल्या कुठल्याशा मुलीची आठवण निघाली, डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटी त्यांनी नोकरीचा राजीनामा जाहीर केला. हसीनाताईंनी कॅन उचलून चष्मा लावला आणि पुढचं-मागचं सगळं वाचून काढलं.

"ओ डॉक्टर, ह्यात काय नाय," त्या म्हणाल्या.

"सिस्टर," पेंडसे डोळे पुसत म्हणाले, "ती वातावरणात असते."

*

इथून मुंबईला सरळ विमान आहे. चार तासांत माणूस घरी. पण त्यात नुसता ज्यूस मिळतो. म्हणून पेंडसे दर सुट्टीला मधे कुठेतरी उतरून जाणारं तिकीट काढायचे आणि ते स्वस्त पडतं असं वहिनींना सांगायचे. वहिनी स्वस्त हा शब्द ऐकला की पुढचं ऐकत नाहीत. एका दिवाळीला पेंडशांची तहान इतकी वाढली की त्यांनी पुण्याला जायला इस्तंबूलमार्गे तिकीट काढलं. नकाशा डोळ्यांसमोर आणा. दादरहून ठाण्याला जायला कुणी आधी गोव्याला जावं, तसला प्रकार!

विमान उडालं, समोरच्या स्क्रीनवर नकाशा आला. वहिनी तो बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे उलटं चाललंय."

"वारा आहे," पेंडसे म्हणाले आणि त्यांनी एअर होस्टेसला हात केला.

*

यंदा ईदची सुट्टी लांब आली. आम्ही चौघांनी प्रागला जायचं ठरवलं. हसीनाताईंना जुने पूल आणि किल्ले बघायचे होते, मला थंडी हवी होती आणि वहिनींना काचेची भांडी. पेंडशांना काय हवं होतं ते सांगायला नको. तिथे बियर पाण्यापेक्षा स्वस्त मिळते, हे त्यांनी ऑपरेशन थिएटरात इतक्या वेळा सांगितलं की भूल चढता चढता पेशंटसुद्धा प्रागच्या गोष्टी करायला लागले होते.

निघायच्या आधी त्यांच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. मी प्रोब फिरवला. लिव्हर साजूक तुपात घोळल्यासारखं चकचकीत दिसत होतं. फॅटी, आणि चांगलंच. पेंडसे स्वतः डॉक्टर, त्यामुळे स्क्रीनकडे बघून त्यांनाही कळलं. त्यांनी माझा हात धरला. मृणालला यातलं एक अक्षर सांगू नकोस, प्रागहून आलो की सगळं पथ्य पाळतो, आईशपथ, असं बरंच काही ते कुजबुजले.

मी पडदा सरकवला. पलीकडे त्यांचा शर्ट आणि बनियन हातात घेऊन वहिनी उभ्या होत्या.

"घाला," त्या म्हणाल्या. "गार पडेल लिव्हर."

*

तर प्रागमध्ये पेंडशांना पूर्ण बंदी. ज्या शहराची त्यांनी वर्षभर स्वप्नं पाहिली, तिथे ते कोपऱ्या-कोपऱ्यावर फेसाळते ग्लास बघत फिरले, आणि वहिनींनी थर्मासातून दिलेलं कोमट पाणी प्यायले. त्यांनी बंड केलं नाही, त्याला आणखी एक कारण होतं. ईदनंतर त्यांना डिपार्टमेंटचं हेड करायचं जवळजवळ नक्की झालं होतं. वहिनींनी एकच सांगितलं होतं, की एक थेंब जरी घेतलात तर लिव्हरचं मी स्वतः डायरेक्टरला जाऊन सांगेन. त्या खुर्चीसाठी पेंडशांनी पंधरा वर्षं वाट पाहिली होती. मला त्यांची खरंच दया आली. थोडी मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दिवशी वहिनींच्या हातात बियर स्पाची जाहिरात पडली. लाकडी टब, गरम पाणी, त्यात बियर आणि तिचा सगळा मसाला. त्वचेला उत्तम. पेंडशांची कातडी कुवेतच्या हवेने भाकरीसारखी तडकली आहे, सारखे खाजवत असतात. वहिनींना एकदम पटलं. पिऊ द्यायचं नाही, पण बसवायला काय हरकत आहे?

हसीनाताईंनी साफ नकार दिला. त्या बाहेर बाकावर सफरचंद खात बसल्या. आतून पेंडशांचा आवाज मोठा आला तर काय करायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वॉर्डात रोज ऐकते मी, त्याने मला काय होत नाय.

*

खोलीत तीन टब ओळीने मांडलेले होते. आम्ही पोहण्याचे कपडे घालून बसलो. पाण्यावर सुकी फुलं आणि कोंडा तरंगत होता. वास थेट आंबलेल्या आंबिलीचा. प्रत्येक टबाला हाताशी एक नळ होता. तो सोडला की प्यायची बियर, हवी तेवढी, तिकिटातच. मदतनीस मुलगी हे सांगून निघून गेली. पेंडशांनी नळाकडे बघितलं. वहिनींनी पेंडशांकडे बघितलं. मग तो नळ त्यांनी आपल्या नॅपकिनने करकचून बांधून टाकला. माझ्या नळाचं मी काय केलं ते सांगणार नाही. किस्से पेंडशांचे आहेत.

जरा वेळाने वहिनींना चैन पडेना. तीन माणसांच्या तिकिटात बियर धरलेली आणि दोन नळ तसेच कोरडे! ज्या बाईने हॉटेलातल्या साबणाच्या वड्या कधी मागे ठेवल्या नाहीत, तिच्या जिवाला हे कसं सोसावं? आयुष्यात थेंबाला स्पर्श न केलेल्या वहिनींनी नाक दाबून पहिला ग्लास संपवला. मग माणशी हिशेब फिटावा म्हणून पेंडशांच्या वाट्याचाही. मग त्यांनी नाक दाबणं सोडून दिलं.

शेजारच्या टबात गळ्यापर्यंत बियरमध्ये बुडालेले पेंडसे कोरड्या तोंडाने हे बघत होते. शेवटी त्यांच्यातला भूलतज्ज्ञ जागा झाला. बायको शुद्धीवर आहे का बघायला त्यांनी पेशंटला सांगतात तसं सांगितलं, "मृणाल, दहापासून उलटे आकडे म्हण बरं."

वहिनी हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"उलटं जायची सवय तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या. "मला नकाशा वाचता येतो हो. भूगोलात पहिली यायचे मी."

पेंडसे हळूच नाकापर्यंत पाण्यात गेले.

*

निघताना त्या मुलीने बजावलं, की उद्यापर्यंत अंघोळ करायची नाही, अर्क अंगात मुरू द्यायचा. वाटेत मी हसीनाताईंना नळासकट आतलं सगळं सांगितलं. आमचं विमान संध्याकाळी होतं. आता आपल्या बायका पारोशा प्रवासाला निघतात होय? मी आणि वहिनींनी हॉटेलवर जाऊन डोक्यावरून कडकडीत पाणी घेतलं. वहिनींनी वर पावडर, अत्तर, सगळं केलं. पेंडसेही टॉवेल घेऊन निघाले होते, पण वहिनींनी बाथरूमच्या दारातूनच त्यांना परत फिरवलं. खर्च कुणाच्या कातडीसाठी केला? पेशंटने सूचना पाळायच्या असतात!

ते तसेच विमानात बसले. ऊब लागली तसा अर्क मुरायच्या ऐवजी वर यायला लागला. शेजारच्या बाईने सीट बदलून घेतली. पुढच्या रांगेतला माणूस दोनदा वळून बघून हसला आणि त्याने अंगठा दाखवला. पेंडशांनी प्यायला पाणी मागितलं, तर होस्टेसने न विचारता काळी कॉफी आणून दिली आणि आईच्या मायेने म्हणाली, "सर, आता आणखी नको हं."

*

कुवेतला उतरल्यावर सामान पुन्हा मशिनमधून जातं. बाटली कुणी आणली का, ते बघायला. आमच्या बॅगांत काचेच्या भांड्यांशिवाय काही नव्हतं. मी पुढे झाले, वहिनी अत्तराचा घमघमाट सोडत आरामात बाहेर पडल्या. जिने चार-पाच ग्लास रिचवले होते ती सुटली, आणि ज्याने घोट घेतला नव्हता त्याच्या जवळून जाताना तिथला तरुण ऑफिसर थबकला. त्याने नाक वर केलं. मग पेंडशांना बाजूला बोलावलं.

पिऊन आल्याची केस झाली तर खुर्ची राहिली दूर, इकामाच जातो. म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, नोकरी गेली. वहिनींचा चेहरा पावडरीपेक्षा पांढरा झाला. ऑफिसर अरबीत काहीतरी विचारत होता. पेंडशांना अरबी येतं ते टेबलावर आडव्या पडलेल्या पेशंटपुरतं. घाबरल्यावर तेवढंच तोंडातून बाहेर आलं. त्यांनी ऑफिसरच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वच्छ अरबीत म्हणाले, "घाबरू नका. खोल श्वास घ्या."

बिचाऱ्याने घेतला. मग दोन पावलं मागे सरकून त्याने वरिष्ठाला हाक मारली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हसीनाताई आल्या. पेंडशांनी त्यांना कोपराशी धरलं. "सिस्टर, खोकल्याचं औषध सांगा. अंगावर सांडलं म्हणा. काहीही सांगा."

"ओ डॉक्टर, महिनाभर रोजे धरून उठलेय मी," हसीनाताई म्हणाल्या. "मी खोटं बोलणार नाय."

पेंडशांनी डोळे मिटले.

हसीनाताई बोलायला लागल्या. मधेच त्यांनी हाताने टबाचा आकार दाखवला. मग नळ. मग एक बोट वहिनींकडे केलं. वरिष्ठ ऑफिसरने त्यांना थांबवून एक प्रश्न विचारला, त्यांनी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. मग त्या दोन्ही ऑफिसरांनी पेंडशांकडे आळीपाळीने, फार हळुवारपणे बघितलं. तरुण ऑफिसरने पेंडशांची बॅग स्वतः उचलून ट्रॉलीवर ठेवली, आणि वरिष्ठाने छातीवर हात ठेवून त्यांना निरोप दिला.

गाडीत बसल्यावर पेंडशांना आवाज फुटला.

"सिस्टर, सांगितलंत काय तुम्ही?"

"झालं तेच. ह्याच्या बायकोने ह्याला बियरीत बसवलं, हाताशी नळ दिला, एक घोट पिऊ दिला नाय, वर अंग धुवायला पण दिलं नाय."

"मग?"

"मग तो म्हणाला, तिकडे ह्याला शिक्षा झालीच आहे. आता आम्ही वेगळी काय देणार? घरी न्या."