वाऱ्याची वही

माणसाने स्वतःला पतंगाला बांधून घ्यावं आणि वाऱ्याच्या जिवावर पाण्यावरून पळावं, हे ज्या शिंच्याला पहिल्यांदा सुचलं तो एक तर वेडा असणार नाहीतर खलाशी. आमच्या घरात हे खूळ आणलं ते खलाश्यानेच. माझा धाकटा दीर बोटीवर इंजिनिअर. माझं लग्न झालं तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो ‘वहिनी, वहिनी’ करत माझ्या डोक्यावर मिरे वाटतो. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नोव्हेंबरात तो रजेवर आला तो एवढं मोठं बोचकं घेऊन, की सासूबाईंना वाटलं, ह्याने तिकडून गादीच आणली.

बोचकं अंगणात उलगडलं. पिवळाधमक पतंग, पंपाने हवा भरली की कमानीसारखा उभा राहणारा, आणि रुंदीला आमच्या ओटीपेक्षा मोठा. त्याला चार दोऱ्या, एकेक पंचवीस मीटरची. कमरेला बांधायचा पट्टा, त्याला आकडा. एक फळी पाण्यासाठी आणि दुसरी जमिनीसाठी, तिला चार गुबगुबीत टायर. शिवाय शिकायला म्हणून एक छोटा, बिनहवेचा पतंग. आमचे हे आंब्याचे बागायतदार. त्यांनी सगळ्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, “यंदा मोहोर बरा दिसतोय. माझ्या कलमांवर हे पाडू नका म्हणजे झालं.”

पण पाडायचं नाही तर उडवायचं कुठे? दिराने मला अटी सांगितल्या. विजेच्या तारा नकोत. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला निदान दोऱ्यांच्या दुप्पट जागा मोकळी हवी. झाडंघरं अडवून वारा तुकड्यातुकड्यांनी येतो, तसला नको, सलग हवा. आणि पाण्यावर जायचं तर वारा समुद्राकडून जमिनीकडे येणारा हवा, थोडा तिरका असला तर उत्तमच, म्हणजे काही बिनसलं तर तो आपल्याला काठावर आणून टाकतो. “जमिनीकडून समुद्राकडे जाणारा असेल तर मात्र संपलं, वहिनी,” तो म्हणाला.

मी हायस्कुलात भूगोल शिकवत होते. खारे वारे, मतलई वारे, हा माझा हातखंडा धडा. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री उलट, तो मतलई. फळ्यावर दोन बाण काढले की झालं. सोळा वर्षं मी ते बाण काढत होते. त्यामुळे जागा आणि वारा शोधायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. अंगावर घेतलं म्हणजे काय, त्याला बोलूच दिलं नाही.

मला दिवाळीची सुट्टी होती, तेव्हा पहिल्यांदा आम्ही गेलो पावसच्या वाटेवरच्या सड्यावर. सडा म्हणजे वरती पसरलेलं कातळाचं सपाट रान. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीनंतर करड्या गवताचं. तिथे चार वाजता वारा असा यायचा की पदर खोचूनच उभं राहावं लागे. दिराने छोटा पतंग वर सोडला, चाकांच्या फळीवर पाय ठेवले आणि जरासा मागे रेलला. आणि गेला की हो! इंजिन नाही, बैल नाही, उतार नाही. नुसता टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज आणि दोऱ्यांची बारीक शीळ. मी तोंडाचा आ वासून बघत राहिले. ज्या वाऱ्याला मी आजवर कपडे वाळवण्यापलीकडे काही काम दिलं नव्हतं, तो एका ऐंशी किलोच्या बाप्याला ओढून नेत होता.

मग दोऱ्यांची खालची टोकं जिला बांधलेली होती ती दांडी त्याने माझ्या हातात दिली. “घट्ट धरू नका, नुसतं ऐका,” म्हणाला. मी काही नाजूक बाई नाही, तरी त्या एवढ्याशा कापडाने मला चार पावलं ओढलं. हाताला वारा लागणं वेगळं आणि हातात वारा येणं वेगळं. वरती काहीतरी जिवंत आहे आणि ते आपल्याला आजमावून बघतंय, असं वाटलं. भीती वाटली आणि सोडवेनासंही झालं.

पण कातळ तो कातळ. तिसऱ्या दिवशी दीर आपटला आणि गुडघ्याचं सालपट निघालं. शिवाय सड्यावर जिकडेतिकडे जांभ्या दगडांचे गडगे, म्हणजे बागांची कुंपणं. वाऱ्याच्या भरात त्यावर गेला असता तर हाडं वेचावी लागली असती. तेव्हा ठरलं, समुद्रच बरा.

समुद्र आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर. तरी खरं सांगायचं तर आमची माणसं समुद्राला ओळखत नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ, कुणी गेलं तर अस्थी, आणि पाहुणे आले की भेळ. पोहायला आम्ही विहिरीत शिकतो. समुद्राचं वारं बाधतं म्हणून पश्चिमेच्या खिडक्या लावून घेणारी आमची घरं. तरी मी मांडवी बघितली, तिथे होड्या आणि धक्का. आरे-वारे बघितलं, तिथे खडक आणि पाण्याची ओढ. शेवटी भाट्याची पुळण पसंत केली. लांबलचक, कडक वाळूची, वर एकही तार नाही. मागे सुरूचं बन, पण वारा समुद्राकडून येणार म्हटल्यावर बन मागे असलं काय आणि नसलं काय.

मी एक वही घातली. बांबूला जुन्या साडीचा काठ बांधला आणि शाळा सुटल्यावर रोज भाट्याला जाऊन तो कुठे उडतो, किती ताठ उडतो, ते लिहू लागले. तारीख, वेळ, दिशा, जोर. दोन महिने एक दिवस चुकवला नाही. वायव्य, वायव्य, पश्चिम, वायव्य. एवढी शहाणी वही! दीर संध्याकाळी पाण्यात उतरायचा, पडायचा, खारं पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा, आणि वारा त्याला आपला इमानेइतबारे काठावर आणून सोडायचा. जानेवारीपर्यंत तो सरळ जाऊन सरळ परत यायला शिकला.

त्या वहीत एक भोक होतं, ते मला दिसलं नाही. माझी शाळा सुटायची साडेपाचला. रविवारी सकाळी माझ्यामागे रांधावाढा. म्हणजे दोन महिन्यांतली एकूण एक नोंद संध्याकाळची होती. जन्म रत्नागिरीत गेला, आणि सकाळच्या आठ वाजता समुद्रावर काय चालतं हे मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

दिराची रजा संपली. रविवारी दुपारच्या गाडीने त्याला मुंबईला निघायचं होतं. म्हणाला, “वहिनी, एकदा शेवटचं. सकाळी जमेल?” मी म्हटलं, “न जमायला काय झालं? सूर्य वर आला की दिवस. दिवसा वारा समुद्राकडून. सहावीतलं पोर सांगेल.”

आठला आम्ही भाट्यावर होतो. पुळणीवर एक बाई मासळी वाळत घालत होती. पन्नाशीची असेल, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. संध्याकाळी ती कधी दिसली नव्हती, कारण दुपारपर्यंत तिची मासळी वाळून ती घरी जायची. दिराने हवा भरली, दोऱ्या सोडल्या. वारा होता, झक्क होता, पाठीवर गार लागत होता. पाठीवर! आम्ही समुद्राकडे तोंड करून उभे होतो आणि वारा पाठीवर लागत होता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, बनातून वळून येत असेल, फिरेल आता.

ती बाई हात पुसत आमच्याकडे आली. “बाई, मतलय सुटलाय,” ती म्हणाली. “दादाला नका धाडू. भायेर नेईल.”

मी तिला काय करावं? भूगोल शिकवला. वाळूत बोटाने जमीन काढली, समुद्र काढला, दोन बाण काढले. “मतलई रात्रीचा असतो,” मी म्हटलं, “आता दिवस उजाडलाय. दहा-पंधरा मिनिटांत फिरेल बघा.” शाळेत माझा एक आवाज आहे, तो ऐकला की वर्गात कुणी हात वर करत नाही. तोच आवाज मी तिला लावला. ती बाणांकडे बघत राहिली, मग “बरं” म्हणाली आणि गेली.

समुद्राकडे जाणारा वारा नको, हे दिरानेच सांगितलेलं, पण वाऱ्याचं खातं माझं, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मी ‘जा’ म्हणून मान हलवली. एवढंच केलं मी, मान हलवली.

तो गेला. काठाला पाणी तेलासारखं गुळगुळीत, एक लाट नाही. पिवळा पतंग वर आणि तो खाली, असा सरळ रेघ ओढल्यासारखा गेला की मी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ सांगते, टाळ्या वाजवल्या मी! तो लहान झाला, आणखी लहान झाला. वळायला हवा होता, वळेना. लांबवर पाण्याचा रंग काळा होता आणि त्यात पांढरे फेस उठत होते. तिथे पोचल्यावर पतंग एकदा गचकला, दुसऱ्यांदा गचकला आणि पाण्यावर पडला. मग त्याचा नुसता पिवळा ठिपका राहिला, आणि तो ठिपका पश्चिमेला सरकत होता. वारा फिरला नाही. पंधरा मिनिटांत नाही, अर्ध्या तासात नाही.

मी त्याच्या नावाने ओरडत गुडघाभर पाण्यात गेले. सासूबाईंना काय सांगू, हे एकच डोक्यात. म्हातारीचं शेंडेफळ मी माझ्या हाताने वाऱ्यावर सोडलं होतं.

त्या बाईने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मासळीवर घालायची निळी ताडपत्री आणली, तिचं एक टोक माझ्या हातात कोंबलं. “वर करा. पाडू नका. वर!” आम्ही दोघी ती ताडपत्री हलवत राहिलो. रात्रभर मासेमारी करून लाँचा बंदराकडे परतायची वेळ होती. पहिली गेली. दुसरी गेली. माझे खांदे भरून आले तेव्हा ती ओरडली, “वर धरा म्हनते ना!” मला आयुष्यात कुणी असं ओरडलं नव्हतं. तिसरी लाँच हळू झाली आणि पिवळ्या ठिपक्याकडे वळली.

लाँचा लागतात त्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर रिक्षाने पोचले तेव्हा दीर घोंगडीत बसून चहा पीत होता. ओठ निळे, दात वाजताहेत. लाँचचा तांडेल, म्हणजे कप्तान, हसत मला म्हणाला, “गेलो होतो बांगड्याला नि गावला हा!” सगळे हसले. मी दिराच्या पाठीत एक धपाटा घातला. घरी आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. दुपारची गाडी त्याने पकडली.

पुढच्या रविवारी स्वयंपाक सासूबाईंवर टाकून मी सहा वाजता भाट्याला गेले. ती होतीच. मी वही उघडली नाही, नुसती बसले. मग रविवारमागून रविवार बसत गेले, बघत गेले. पहाटेचा मतलय सह्याद्रीवरून कोरडा, गार उतरतो. मासळी वाळते ती ह्याच वाऱ्यावर, खारा वारा उलट ओल आणतो, म्हणून तिची सगळी घाई सकाळची. थंडीत हा वारा दहा-दहा वाजेपर्यंत दम सोडत नाही. मग पडतो. एकदम. सुरूच्या बनाचा आवाज बंद होतो, समुद्र आरशासारखा होतो आणि अर्धापाऊण तास सगळं जग श्वास धरून बसतं. ती म्हणायची, “आता बघा हां,” आणि बोट दाखवायची. क्षितिजाजवळ एक काळी रेघ उमटायची. ती रेघ पुढे सरकत यायची, पाण्यावर काटा आणत, आणि ठरल्यासारखी येऊन तोंडावर आदळायची. खारा वारा! मी तो हजार वेळा शिकवला होता. तो येताना दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि तिला गंमत वाटायची.

वर्षाने दीर पुन्हा आला. तिने सांगितल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही, अशी मी त्याला शपथ घातली. ती कानामागे वारा घ्यायची, काठाचं पाणी बघायची आणि म्हणायची, “आजून नाय.” एका दुपारी आमच्यासाठी मुद्दाम थांबली आणि दोनच्या सुमाराला म्हणाली, “सोड.” त्या दिवशी तो पाण्यावरून उचलला गेला. दोन माणसं उंच, तीन माणसं उंच, आणि तिथे वरती तो टांगून राहिला, इतका वेळ की मी देवाचं नाव घ्यायचीही विसरले. मग अलगद उतरला आणि आमच्याकडेच येत राहिला, वारा त्याला आमच्याकडेच आणत होता.

तेव्हा मी तिला विचारलं. वर्षभर मनात घोळत होतं. “तुम्हाला पक्कं ठाऊक होतं ना त्या दिवशी? मग ‘बरं’ म्हणून गप्प का बसलात? मला चार शिव्या का नाही घातल्यात?”

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. “तुम्ही बाण काढून दावलात ना, बाई,” ती म्हणाली. “मला वाटलं, बुकात हाय तेच खरं आसंल. चाळीस वर्सं माझंच चुकत आसंल.”

भर वाऱ्यात मला हुंदका फुटला, काही केल्या थांबेना. तिने माझा हात धरला. “अगो बाई, रडताव कशाला? त्यो बघा, आला ना परत!”

मी दिरासाठी रडत्येय, असं वाटलं तिला.