सासूबाईंचा घसा आणि माझं थाईम

माझ्या मेहुणीच्या हळदीच्या दिवशी दुपारी सासूबाईंचा आवाज बसला आणि तो उघडून देण्याची जबाबदारी, कुणीही मागितलेली नसताना, मी अंगावर घेतली.

माझी सासुरवाडी वसईच्या खाडीकाठची आणि सासूबाई तिथल्या धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाऊन एकेक विधी पुढे नेणारी बाई. त्यांनी सुरुवात केल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. अख्ख्या गावाच्या मुली त्यांनी गाऊन सासरी पाठवल्या आणि आज स्वतःच्या धाकट्या लेकीच्या हळदीला घशातून नुसती हवा येत होती! दुसरी धवलारीण शेजारच्या गावातल्या लग्नाला गेलेली. सासूबाई ओटीवर डोळे पुसत बसल्या होत्या. मला खरंच वाईट वाटलं.

मी फोन काढला. (मी वालीवला पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वैद्यकीय ज्ञान एवढंच.) फोनमध्ये लिहिलं होतं, घशाला थाईमचा काढा उत्तम. तडक रिक्षाने माणिकपूरला गेलो आणि पिझ्झाचं सामान मिळतं त्या दुकानातून सुकलेल्या थाईमची बाटली घेऊन आलो.

सासूबाईंनी वास घेतला. "यो तं वोवा!" त्या कुजबुजल्या.

"ओवा नाही हो, आई. थाईम. परदेशी आहे."

"वोवा घरान हाय ना. मंग पैशे कशाला घातलं पान्यान?"

"आई, तुम्ही बोलू नका. घशाला ताण पडतो." (सासूला गप्प बस म्हणण्याची संधी जावयाला आयुष्यात एकदाच मिळते.)

परसातल्या चुलीवर काढा ठेवायला गेलो, तर लहान भांडं एकही मोकळं नाही. रिकामा होता तो फक्त चहाचा मोठा टोप. टोप मोठा म्हणून पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून औषध जास्त. मी अख्खी बाटली उपडी केली! वर झाकण ठेवलं आणि इतक्यात "नवऱ्याकडचे आले!" असा गलका झाला. गाड्या लावून घ्यायला मी धावलो.

आता लग्नघराची एक पद्धत आहे. तिथे कुणी कुणाला विचारत नाही. जे अर्धवट दिसेल ते पूर्ण करून टाकायचं. चुलत सासूबाईंना चहाच्या टोपात तपकिरी पाणी उकळताना दिसलं. त्यांनी दूध ओतलं, साखर घातली, चहापूड टाकली आणि गाळून सोयऱ्यांना वाटून टाकलं.

मी मांडवात आलो तेव्हा नवऱ्याचे मामा कप हातात धरून विचारात पडले होते.

"चायन काय टाकलाव?"

"मसाला!" चुलत सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

"कंचा मसाला?"

"घरचा!"

नवरीकडचा चहा सोडायचा कसा? सगळ्यांनी श्वास रोखून घोट घेतले. एक आजोबा ठसकले. नवऱ्याची आत्या हळूच म्हणाली, "यांची रीतच असल तशी." मामांनी कप संपवला, तोंड पुसलं आणि ते मान खाली घालून बसले. तिकडे माझी बायको सुरेखा माझ्याकडे बघत होती.

"अहो, आईचं औषध कुठंय?"

मी मामांकडे बोट दाखवलं.

सुरेखाने ही बातमी आईच्या कानात सांगितली. आधी सासूबाईंचे खांदे हलले, मग पोट हललं आणि त्या अशा हसल्या, अशा खोकल्या, की लोक पाणी घेऊन धावले. खोकला थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बाय माझे!" आणि हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं! आवाज फाटका होता, पण होता.

त्यांनी लगेच लेकीला पाटावर बसवून धवले सुरू केले. मेहुणी रडली, सुरेखा रडली, मलाही भरून आलं. माझ्यामुळे का होईना, माउलीला लेकीसाठी गाता आलं. मी कौतुकाची वाट बघत पुढे सरकलो. धवले संपले, चेष्टेची गाणी सुरू झाली आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघत नवीनच ओळ उचलली:

"जावय आमचा शिकलेला गो, शिकलेला,
सोयऱ्यांना पाला पाजला गो, पाजला!"

सगळ्या बायांनी ती मागून म्हटली. मामांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आता त्या कुठल्याही हळदीला गेल्या की ही ओळ ठरलेली. मला न ओळखणाऱ्या घरांतसुद्धा ती पाठ आहे. बाकीच्या जावयांना सासरकडून अंगठी मिळते. मला गाणं मिळालं, आणि ते मोडून पैसेही येत नाहीत!