तांडेल, ड्रायव्हर आणि मधली घंटी

आमच्या जेटीवरच्या ऑफिसात प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्या साठतात, तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच, की छत्री न्यायला कधीतरी कोणी येतं!

माणसांचं मॅनेजमेंट परदेशात शिकून मी दिघीच्या बाजूला परत आले, काकांची लाँच सांभाळायला. लाँचवर खरे साहेब दोनच. वर सुकाणू धरणारे तांडेल हसनचाचा आणि खाली इंजिनपाशी ड्रायव्हर नामदेवदादा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. चाचांनी वरून दोरी ओढायची, खाली घंटी वाजायची, दादांनी इंजिन थांबवायचं. सगळा कारभार विश्वासावर.

आणि हे दोघं वर्षभर बोलत नव्हते! लाँच एकदा गाळात रुतली होती. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "चूक कोणाची?"

चाचा म्हणाले, "घंटी दिली. यानं ऐकली न्हाय."

दादा म्हणाले, "घंटीच उशिरा आली."

तेव्हापासून बोलणं बंद. घंटी तेवढी चालू.

* * *

आल्या आल्या मी वर्कशॉप घेतलं. म्हटलं, आज मनात काय आहे ते प्रत्येकाने मोकळेपणाने सांगा.

चाचांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मनात ओहोटी हाय, ताई. आता न्हाय सुटलो तर लाँच इथंच बसल!"

* * *

मग विश्वासाचा खेळ. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. जोडी मुद्दाम या दोघांचीच लावली. दादा जागचे हलेनात.

"घाबरलात काय?" मी हसून विचारलं.

"पडायची भीती न्हाय, ताई. मागं कोण उभा हाय, त्याची हाय."

* * *

तरी रोज सकाळी चाचा स्वतः चहा आणून इंजिनरूमच्या दाराशी ठेवायचे. एक शब्द न बोलता. मी हरखलेच! "चाचा, म्हणजे माया आहे की!"

"चहा दिलाय. माफी न्हाय."

* * *

शेवटी काकांना गाठलं. "तुम्ही दोघांना समोर बसवा. भांडण तुमच्या प्रश्नापासून सुरू झालंय. अशाने एक दिवस अपघात होईल!"

काकांनी सुपारी कातरली. "असू दे गं. दोघं एक झाले तर पगार वाढवून मागतील!"

* * *

दादांच्या छातीत काही दिवस दुखत होतं, हे त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "निदान तांडेलाच्या तरी कानावर घाला."

"तो म्हणल, ढोंग करतोय."

त्या दिवशी मी वर चाचांच्या शेजारी उभी होते. धक्का जवळ आला, चाचांनी घंटी दिली. इंजिन थांबेना. पुन्हा दिली. "मुद्दाम करतोय!" चाचा ओरडले. तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि लाँच धक्क्यावर आदळली. एका बाईचा हात मोडला.

खाली गेलो, तर दादा इंजिनपाशी आडवे. गेलेले.

हवालदार आला. "लाँच आदळली कशी?"

काका चटकन पुढे झाले. "ड्रायव्हरची चूक, साहेब." मग मला हळूच म्हणाले, "त्याला आता काय फरक पडतो?"

चाचा दादांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वर न बघता म्हणाले,

"लिवा साहेब. घंटी मी दिलीच न्हाय."