आधी गिरणी, मग ओढा

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या पहिल्याच हिवाळ्यात मी स्नो ब्लोअर विकत घेतला आणि आमच्या ड्राइव्हवेवरचा सगळा बर्फ शेजारच्या ड्राइव्हवेवर नेऊन टाकला. त्या यंत्राचं तोंड फिरवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाई खिडकीतून हातवारे करत होत्या. कौतुक चाललंय असं समजून मीही हात हलवला.

आमची ओळख झाली ती अशी. बाईंचं माहेर स्कॉटलंडमधलं, अगदी आडगाव. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा गेला, मूलबाळ नाही. माझी बायको त्यांना काकू म्हणायला लागली, मग मीही. त्या मला पोरा म्हणायच्या. माझी आई गेल्यापासून मला असं म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. टकलाकडे त्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं होतं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी चाव्या, मग गॅस, मग नवरा गेल्याचं. त्यांना नर्सिंग होममध्ये हलवलं. दर शनिवारी मी जायचो, तेव्हा त्या एकच मागायच्या. "मला घरी ने." घर म्हणजे आमच्या शेजारचं नाही, माहेरचं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टॅबलेट घेऊन गेलो आणि त्यांचं गाव उपग्रहातून दाखवलं. काकू बघत राहिल्या. "हे कुठलं?" म्हणाल्या. मला वाटलं, चित्र लहान पडतंय. मी झूम केलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अरे, त्यांना गावाला जायचंय. तू सातबारा काय दाखवतोस? चर्चपासून घरी कसं जायचं, ते विचार त्यांना."

पुढच्या शनिवारी विचारलं, तर काकू उशीला टेकून उठूनच बसल्या. चर्चच्या फाटकातून उजवीकडे. मग पाणचक्कीची गिरणी. गिरणीमागे ओढा, त्यावर फळी. फळी ओलांडली की सूटर्स ब्रे, म्हणजे चांभाराचा चढ. तो चांभार कोण, कधीचा, ते त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडेही कुंभाराची पाणंद आहे आणि तिथला कुंभार पुण्यात इन्शुरन्स विकतो, तेव्हा मला हे लगेच पटलं. चढावर डाव्या हाताला फाशीची टेकडी. तिथे त्या लहानपणी रानफळं वेचायच्या.

"फाशीच्या टेकडीवर? भीती नाही वाटायची?"

"मेलेली माणसं फळं खात नाहीत, पोरा."

टेकडी संपली की घर. दारापाशी पोचलो की त्यांचं जेवण यायचं आणि आमचा प्रवास थांबायचा.

त्यानंतर दर शनिवारी मी त्यांना घरी न्यायला लागलो. त्या डोळे मिटून पडायच्या, मी वाट सांगायचो. आणि चुकायचो. एकदा गिरणीच्या आधीच ओढ्यात उतरलो.

"भिजवलंस ना मला," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "आधी गिरणी, मग ओढा. तुला इंजिनिअर कोणी केलं?"

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या, असं नर्स म्हणाली. तेव्हापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. आयुष्यभर फुकट घालवलेल्या माझ्या या गुणाचा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग होत होता. मी चढाचा उतार केला. चर्चसमोर रसवंतीगृह उभं केलं. ऊस म्हणजे काय, ते समजावण्यात तो शनिवार गेला. काकू रागवायच्या, हसायच्या, मला गाढव म्हणायच्या. रागवताना त्या सगळ्याच्या सगळ्या तिथे असायच्या.

थंडी सरता सरता रागवणं कमी झालं. मी फळी विसरलो, तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. दमल्या असतील, असं मी बायकोला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

मग एका शनिवारी मी ठेवणीतली चूक काढली. चर्चच्या फाटकातून डावीकडे वळायचं. डावीकडे दलदल. काकूंच्या लहानपणी तिथे कोणाची तरी गाय खपली होती. डावीकडचं नुसतं नाव काढलं तरी त्या माझं मनगट धरायच्या.

"काकू, फाटकातून बाहेर आलो. आता डावीकडे जाऊ?"

त्यांचा हात चादरीवर तसाच पडून होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तिकडे."

मी थांबलो. कॉरिडॉरमधून कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही उजवीकडे वळलो. गिरणी आली. फळीवरून मी त्यांना सावकाश नेलं. चांभाराचा चढ, डाव्या हाताला टेकडी. त्या दिवशी मी कुठेही चुकलो नाही. तरीही अधूनमधून थांबत होतो, त्या काही म्हणतायत का ते बघायला.

दारापाशी आलो. त्या दिवशी जेवण आलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "उघडं आहे का?"

आत काय आहे, मला माहीत नव्हतं. तिथवर आम्ही कधी गेलोच नव्हतो.

"उघडंच आहे," मी म्हणालो.