सुंदरम्माच्या लुगड्याचं दुपटं

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत वरून कागद आला: समुद्रकिनारा स्वच्छता दिन साजरा करा, फोटो पाठवा. आमचं गाव मंद्रूपच्या पलीकडं. इथली पोरं लाट बघतात ती मोबाईलवर. पण वरचा कागद म्हणजे कागद, आणि मी पडले शाळेतली बाई. म्हटलं, समुद्र नाही तर तळं आहे, काठ तो काठच. दहा-बारा बायामाणसं गोळा केली, गावतळ्यावर गेले, फोटो पाठवले आणि सुटले. माझ्या लेखी विषय संपला.

जगदेवीच्या लेखी तो तिथं सुरू झाला. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा गेलेला, एकुलती लेक सुकन्या सांगोल्याला दिलेली, घरी दोन शेळ्या. त्यातली एक तळ्याकाठची प्लास्टिकची पिशवी गिळून, पोट फुगून मेली होती. पुढच्या रविवारी सकाळी युरियाची रिकामी पोती घेऊन ही बाई माझ्या दारात उभी.

"चला की बाई. काठ परत भरला."

मी गेले, खरं सांगायचं तर लाजेखातर. मग दर रविवारचा पायंडाच पडला. आठ-दहा जण यायचे. तीच घरोघर फिरून उठवायची, कुणी कुरकुरलं तर त्याच्या चहाचं आधण स्वतः ठेवायची.

बाटल्या, गुटख्याच्या पुड्या सगळे उचलायचे. पण काठावर उतारेही असत, लिंबू, कुंकू, काळी बाहुली. आणि आमच्याकडं माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण तळ्याकाठी टाकायची रीत. असलं काही दिसलं की सगळ्यांचे हात मागं. माझेही, आणि मी विज्ञान शिकवते! "जगदेवी, इकडं एक आहे," एवढं मी ओरडायची. ती यायची, उचलायची. धड लुगडी घरी न्यायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि त्यांच्या वाकळा शिवून ज्याला पांघरूण नाही त्याला द्यायची.

"कापड हाय बाई," ती म्हणायची. "त्याला काय कळतंय, कोण मेलं न् कोण जितं?"

हे वाक्य मी अहवालात लिहिलं. अंधश्रद्धा निर्मूलनाबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं, माझ्या नावानं. ते शाळेच्या भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी गावातल्या रुद्रप्पांची आई सुंदरम्मा वारली. चौऱ्याण्णव वर्षं जगली, पतवंडं खेळवून गेली. तिचं इरकली लुगडं रीतीप्रमाणं काठावर आलं. त्याच सुमाराला सुकन्याला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. आमच्याकडं बाळाचं पहिलं दुपटं दीर्घायुषी म्हातारीच्या जुन्या लुगड्याचं करतात, तिचं आयुष्य बाळाला लागू दे म्हणून. फक्त ते म्हातारी जिती असताना मागून आणायचं असतं. जगदेवीला तो फरक फरकच वाटला नाही. एवढं आयुष्य बघितलेलं कापड सडू कशाला द्यायचं, म्हणाली, आणि महिनाभर बसून बारीक टाक्यांचं दुपटं शिवलं. मला दाखवायला आणलं तेव्हा मीही म्हटलं, किती मऊ झालंय. लेकीला मात्र कापड कुठलं ते तिनं सांगितलं नाही.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या सुकन्याला मुलगी झाली. पावणेदोन किलोची. आठव्या दिवशी रुद्रप्पांची बायको दानेश्वरी बाळ बघायला आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बाळ मांडीवर घेतलं आणि पटकन बोलून गेली, "अगं बया, हे तर आमच्या आत्याबाईंचं लुगडं! हे हिरव्या दोऱ्याचं रफू मीच केलेलं की."

सुकन्यानं आईकडं पाहिलं. "कुटनं आणलंस अव्वा?"

जगदेवीला खोटं बोलायची सवय नव्हती. "तळ्यावरनं," म्हणाली.

दहाव्या दिवशी बाळ अंगावर पिईना. गाडी करून सोलापूरला नेईपर्यंत दुपार झाली. अकराव्या दिवशी ते गेलं, दुसऱ्या दिवशी बारसं होतं. डॉक्टर म्हणाले, वजन मुळात कमी, रक्तात जंतू गेले. मी तिथं होते. हे सुकन्याला मी चारचौघांत, ठणकावून सांगायला हवं होतं. एकदा हळूच म्हटलं, आणि तिच्या सासूनं माझ्याकडं पाहिलं तशी गप्प बसले. याची मला आजही चीड येते.

"माझ्या लेकराला मेलेल्या बाईचं पांघरूण घातलंस," सुकन्या आईला म्हणाली. त्यानंतर एक शब्द नाही. पाचव्या दिवशी नवरा येऊन तिला घेऊन गेला. आई लावायची ते फोन ती उचलेना.

दुपट्याची गोष्ट गावभर झाली होती; त्या रविवारी तळ्यावर कुणी आलं नाही. जगदेवी एकटी वाकून बाटल्या वेचत होती. मी पोतं घेऊन दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. हात भराभर चालत होते. बाभळीखाली गाठ मारलेली काळी पिशवी दिसली, वर लिंबू. इतक्या वर्षांची सवय. माझं तोंड आधी चाललं.

"जगदेवी, इकडं एक आहे!"

ती आली. खाली बसली, लिंबू बाजूला ठेवलं, गाठ सोडली. हिरव्या दोऱ्याचं रफू मला तिच्या खांद्यावरून दिसलं. बसला जाताना सुकन्या तळ्यावरून गेली होती तर.

"आणा इकडं," मी म्हणाले. "मी घेते. धुऊन ठेवते."

तिनं माझा हात बाजूला सारला. पिशवीला होती तशी गाठ मारली आणि लिंबू परत वर ठेवलं, नीट, मधोमध.

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "कापडाला कळतंय."

तिनं तिचं पोतं माझ्या हातात दिलं आणि घराकडं चालू लागली. मी दोन पोती घेऊन त्या बाभळीखाली उभी होते. तिला सुकन्यानं दोष दिला, गावानं दिला, ते ती सोसत होती. आता तिनंच तो मान्य केला होता, आणि हे होऊ नये म्हणून मला फक्त तिला हाक न मारता, वाकून ती पिशवी उचलायची होती. तेव्हाही मी ती उचलली नाही.